कोणी कोणाला आणले : निमंत्रणाधारित नोंदणीच्या अभ्यासाची प्रस्तावना

स्वतःचा चॅट सर्व्हर चालवणे हे आता मूठभर तंत्रज्ञांपुरते राहिलेले नाही. दरमहा काहीशे रुपये भाड्याचे एक छोटे यंत्र, एक डोमेन आणि सिनॅप्स, प्रोसडी किंवा झुलिपसारखे एखादे ओपन सोर्स सॉफ्टवेअर, एवढ्या भांडवलावर संशोधकांचा गट, वकिलांची कचेरी किंवा तीन देशांत विखुरलेले कुटुंब आपले संभाषण आपल्या ताब्यात ठेवू शकते. २०२१च्या जानेवारीत व्हॉट्सॲपने गोपनीयता धोरणातला बदल पुढे केला, तेव्हा आपले बोलणे नेमके कोणाच्या भरवशावर चालते हा प्रश्न घराघरांत पोहोचला. बरेच जण सिग्नलकडे वळले, काही थेट स्वतःचा सर्व्हर उभारायला बसले. उभारणी कशी करावी हे सांगणारे लेखन मुबलक आहे. सर्व्हर सुरू झाल्यावर पहिल्याच दिवशी उभा राहणारा प्रश्न मात्र त्यात दोन ओळींत आटोपतो. इथे खाते कोणी उघडावे, आणि कोणाच्या शब्दावर?

या प्रश्नाचे एक रुळलेले उत्तर म्हणजे निमंत्रणाधारित नोंदणी. आधीच्या सभासदाने किंवा ॲडमिनने दिलेला कोड वा लिंक हाती असेल तरच नवे खाते उघडते, एरवी नाही. ऐकायला हे इतके सरळ वाटते की याचा स्वतंत्र अभ्यास असू शकतो, हेच पटकन पटत नाही. या विषयाकडे नव्याने येणाऱ्या वाचकाचे स्वागत करताना म्हणूनच आधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. परक्याला बाहेर ठेवणे हा यातला सोपा भाग आहे, तो एका सेटिंगने सुटतो. अवघड भाग त्यानंतर सुरू होतो. कोणी कोणाला आणले याची आठवण सर्व्हरने ठेवायची का, ठेवली तर किती काळ, आणि ती पाहायचा अधिकार कोणाला? निमंत्रणाची प्रत्येक पद्धत या प्रश्नांचे काही ना काही उत्तर देतेच. बहुतेक वेळा ते उत्तर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने गृहीत धरलेले असते आणि सर्व्हर चालवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

कल्पना जुनी आहे. फिनलंडमधल्या ओउलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ साली आयआरसी हे गटचॅटचे माध्यम सुरू केले. १९९३ साली त्याचे नियम दस्तऐवजात बांधले गेले तेव्हा त्यात ‘फक्त निमंत्रितांसाठी’ अशी चॅनेलची एक अवस्था होती आणि निमंत्रण देण्याची वेगळी आज्ञाही होती. अशा चॅनेलमध्ये कोणाला बोलवायचे हे चॅनेल चालवणाऱ्याच्या हाती. पण हे निमंत्रण एका चॅनेलपुरते असे, त्याला खात्याचा आधार नसे. शेवटचा माणूस बाहेर पडला की चॅनेलच नाहीसे होई, आणि त्याबरोबर कोणी कोणाला बोलावले हेही.

१९९९च्या जानेवारीत जेरेमी मिलर यांनी जाहीर केलेल्या जॅबरने चित्र बदलले. पुढे एक्सएमपीपी या नावाने प्रमाणित झालेल्या या व्यवस्थेत ईमेलप्रमाणे कोणीही आपला सर्व्हर चालवावा आणि सगळ्या सर्व्हरांनी एकमेकांशी बोलावे, अशी रचना होती. खाते उघडण्यासाठी कुठे अर्ज करायला नको. चॅटच्या प्रोग्रॅममधूनच नवे नाव आणि पासवर्ड पाठवला की काम झाले. हा मोकळेपणा त्या चळवळीच्या स्वभावातच होता, आणि त्याचाच पुढे गैरफायदा घेतला गेला. आपोआप चालणारे प्रोग्रॅम ढिगाने खाती उघडू लागले आणि त्या खात्यांवरून दुसऱ्याच सर्व्हरांवरच्या लोकांना नको ते संदेश जाऊ लागले. शेवटी सर्व्हर चालवणाऱ्यांनी एकत्र येऊन स्पॅमविरोधी जाहीरनामा काढला आणि अनिर्बंध नोंदणी आवरा, असे आवाहन केले. न आवरणाऱ्यांचे संदेश इतरांनी अडवावेत, असा त्यातला दंडक होता. इथून पुढे नोंदणीचे धोरण ही खासगी बाब राहिली नाही. एकाच्या ढिलाईचा भुर्दंड शेजारच्यांना पडतो हे सर्वांना दिसले होते.

जॅबरच्या सुरुवातीच्या वर्षांत निमंत्रणाला एक वेगळेच वलय मिळाले. १ एप्रिल २००४ रोजी आलेले जीमेल फेब्रुवारी २००७पर्यंत मुख्यतः निमंत्रणावरच मिळत होते. ऑर्कुटही २००४ साली निमंत्रणानेच सुरू झाले, आणि आपल्याकडच्या एका पिढीने ‘तुझ्याकडे इन्व्हाइट आहे का’ हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा विचारला. पण त्या निमंत्रणांमागे कंपनीची मर्यादित क्षमता होती आणि लोकांचे कुतूहल वाढवण्याचा फायदाही होता. स्वतः चालवलेल्या सर्व्हरवर कारण वेगळे असते. तिथे चूक झाली तर जाब कंपनीला नव्हे, तुम्हाला विचारला जातो.

निमंत्रणाचे गुणदोष कळायचे तर त्याला असलेले पर्याय शेजारी ठेवून पाहावे लागतात. नोंदणी पूर्ण मोकळी ठेवणे हा पहिला. मॅट्रिक्स या जॅबरसारख्याच खुल्या चॅट व्यवस्थेच्या सर्वाधिक परिचित सर्व्हरने, सिनॅप्सने, २०२२पासून त्यावर चाप बसवला. कोणत्याही पडताळणीशिवाय नोंदणी खुली ठेवली, तर तसे मुद्दाम मान्य केल्याशिवाय हा सर्व्हर सुरूच होत नाही. दुसरा पर्याय म्हणजे ॲडमिनने स्वतः खाते तयार करून पासवर्ड हाती देणे. लहान कुटुंबात हे चालते. पण पहिला पासवर्ड दुसऱ्या कोणाला तरी माहीत असतो, आणि तो बदलायचा पुष्कळांचा राहूनच जातो. तिसरा पर्याय संस्थांना फार आवडतो. ठरावीक डोमेनचा ईमेल पत्ता असेल त्याला आपोआप प्रवेश. त्याच्या मर्यादा समजून घ्यायला एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे.

फ्रान्स सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी मॅट्रिक्सवर आधारित ‘त्शॅप’ हे ॲप एप्रिल २०१९मध्ये सर्वांसमोर आणले. खाते उघडायला सरकारी पत्ता हवा, असा नियम होता. रोबेर बाप्तिस्त या फ्रेंच सुरक्षा संशोधकाने पहिल्याच दिवशी, सरकारी पत्ता नसताना, आत प्रवेश मिळवून दाखवला. हेच संशोधक ‘एलियट ऑल्डरसन’ या टोपणनावाने आपल्याकडे २०१८च्या आसपास आधारच्या ॲपमधल्या त्रुटींमुळे चर्चेत आले होते. त्यांनी केले ते इतकेच. आपल्या साध्या ईमेल पत्त्याच्या शेवटी ‘@’ हे चिन्ह जोडून पुढे राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाचा पत्ता लिहिला. सर्व्हरच्या तपासणीने त्या लांबलचक अक्षरमालेचा शेवट पाहिला. डोमेन सरकारी होते, म्हणून परवानगी मिळाली. मग पडताळणीचा ईमेल पाठवण्यासाठी तीच अक्षरमाला पायथॉन भाषेच्या एका प्रमाण फंक्शनकडे गेली आणि त्याने त्यातला फक्त पहिला, म्हणजे संशोधकाचा खरा पत्ता उचलला. पडताळणीची लिंक त्यांच्याच इनबॉक्समध्ये आली. मॅट्रिक्सच्या चमूने दोष तातडीने दुरुस्त केला आणि सुरक्षा दोषांच्या सार्वजनिक यादीत त्याची नोंदही झाली.

तपासणी एका गोष्टीची झाली आणि कृती दुसऱ्याच गोष्टीवर झाली, हे या प्रसंगाचे सार आहे. डोमेनवरची परवानगी म्हणजे त्या डोमेनच्या प्रत्येक पत्त्याला दिलेले कायमचे निमंत्रण असते. ते कोणी दिले, कोणासाठी दिले, कधी संपणार, यातले काहीच त्यात लिहिलेले नसते. रॉकेट चॅट या चॅट सॉफ्टवेअरमधला ‘गुप्त यूआरएल’चा पर्याय किंवा तशाच मॅटरमोस्टमधली, नवी तयार करेपर्यंत चालू राहणारी टीमची लिंक याच कुळातली. एकदा ती भलत्या ग्रुपवर गेली की जुनी रद्द करून नवी काढणे एवढाच उपाय उरतो, आणि तोवर जे आत आले ते आतच राहतात.

नीट घडवलेल्या निमंत्रणात म्हणून मर्यादा लिहिलेल्या असतात. सिनॅप्समध्ये २०२१ साली आलेली नोंदणीची टोकने याचा चांगला नमुना आहेत. प्रत्येक टोकनापुढे डेटाबेसमध्ये चार गोष्टी असतात : किती वेळा वापरता येईल, किती नोंदण्या अर्धवट चालू आहेत, किती पूर्ण झाल्या आणि मुदत कधी संपते. अर्धवट नोंदण्यांचा रकाना पहिल्या नजरेत अनावश्यक वाटतो. पण एकदाच वापरायचे टोकन दोघांच्या हाती पडले आणि दोघांनी एकाच मिनिटाला फॉर्म उघडला, तर? फक्त पूर्ण झालेल्या नोंदण्या मोजल्या तर दोघेही आत येतील. म्हणून टोकन मान्य होताच अर्धवटचा आकडा एकाने वाढतो, नोंदणी पूर्ण झाली की तो एकाने उतरून पूर्णचा वाढतो, आणि दोन्हींची बेरीज मर्यादेला टेकली की पुढच्याला नकार मिळतो. मधेच कोणी फॉर्म सोडून गेला, तर त्याची अडवलेली जागा काही काळाने मोकळी होते. ऑनलाइन तिकीट काढताना पैसे भरेपर्यंत जागा धरून ठेवणारी व्यवस्था पाहिलेल्याला ही अडचण नवी नाही.

टोकन सर्व्हरलाच तयार करू दिले, तर ते सहसा १६ अक्षरांचे असते. इंग्रजी लहानमोठी अक्षरे, अंक आणि चार चिन्हे मिळून ६६ पर्याय धरले तर शक्यतांची संख्या एकावर २९ शून्ये एवढी होते. शिवाय टोकन वैध आहे का, हे विचारण्याच्या वेगावर मर्यादा आहे. मूळ सेटिंगप्रमाणे सुरुवातीचे मोजके प्रयत्न सोडले, तर दहा सेकंदांना एकच. अंदाजाने असे टोकन सापडणे जवळपास अशक्य. मात्र ॲडमिनला हवा तो शब्द टोकन म्हणून ठेवण्याची मुभा आहे, आणि मेख तिथेच आहे. फोनवर सांगायला सोपे जावे म्हणून ठेवलेले संस्थेचे नाव आणि पुढे चालू साल हे टोकन, संस्था माहीत असलेल्या कोणालाही पाच-दहा प्रयत्नांत सापडेल.

लिंकच्या रूपातल्या निमंत्रणाला वेगळाच धोका आहे. चॅटमध्ये लिंक टाकली की तिची झलक दाखवण्यासाठी ॲप स्वतःच ती उघडून पाहते. कार्यालयांतली ईमेल तपासणारी यंत्रणाही तेच करते. नुसते पान उघडल्यावर निमंत्रण खर्ची पडत असेल, तर पाहुणा पोहोचण्याआधीच ते वाया जाते. म्हणून पान उघडणे आणि निमंत्रण वापरणे या दोन क्रिया वेगळ्या ठेवाव्या लागतात. फॉर्म भरून पाठवला तरच वापर धरायचा. मुदतीबाबत निरनिराळ्या प्रकल्पांनी निरनिराळे अंदाज बांधले आहेत. एक्सएमपीपीच्या प्रोसडी सर्व्हरमध्ये निमंत्रणाची मूळ मुदत एक आठवडा, झुलिपमध्ये दहा दिवस. मुदत छोटी ठेवली तर घरातली ज्येष्ठ मंडळी लिंक उघडेपर्यंत ती संपते, मोठी ठेवली तर ती इकडेतिकडे पडून राहते.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे आठवणीकडे येऊ. सिनॅप्सचे टोकन फक्त आकडे जपते. एका टोकनावर सात जण आले हे ॲडमिनला दिसते, पण ते सात कोणते हे त्या रकान्यांत नसते. प्रोसडीची वाट वेगळी आहे. तिथे सभासदाने दिलेल्या निमंत्रणावर कोणी आले, तर दोघांची नावे आपोआप एकमेकांच्या संपर्क यादीत जातात. नव्या माणसाला रिकाम्या पडद्याऐवजी एक ओळखीचा चेहरा दिसतो, हा त्यामागचा हेतू. ही नोंद दोघांच्या हातात असते. नको झाली तर कोणीही ती काढू शकतो. कोणी कोणाला आणले याची कायमची नोंद ॲडमिनला हवी असेल, तर त्यासाठी वेगळे मोड्यूल मुद्दाम चालू करावे लागते. प्रोसडीचेच निर्माते मॅथ्यू वाइल्ड यांनी २०२० साली पुढे आणलेल्या स्निकेटमध्ये तर निमंत्रणाशिवाय खाते उघडण्याची वाटच ठेवलेली नाही, आणि एका वर्तुळातली माणसे एकमेकांना आपोआप दिसतात. झुलिप तिसऱ्या टोकाला आहे. तिथे निमंत्रण देणाऱ्याचे नाव व्यवस्थेत नोंदले जाते आणि येणारा पाहुणा म्हणून येतो की सभासद की ॲडमिन, हेही निमंत्रणातच ठरते.

यातली एकच पद्धत बरोबर असे म्हणता येत नाही. आठवण ठेवण्याच्या बाजूने मोठे कारण आहे. गैरवर्तन करणारी पाच खाती एकाच माणसाने आणली असतील, तर ते कळल्याशिवाय सहावे थांबवता येत नाही. आपण आणलेल्या माणसाबद्दल आपल्याला विचारले जाईल हे माहीत असले, की निमंत्रण देणाराही हात राखून देतो. पण ही नोंद साठत गेली की तिचा कुळवृक्ष बनतो. कोण कोणाच्या ओळखीचे, कोणता गट कोणत्या माणसाभोवती जमला, हे सगळे त्या एका तक्त्यातून वाचता येते, आणि तेही एकही संदेश न उघडता. संदेश कूटबद्ध असू शकतात. निमंत्रणाचा तक्ता सहसा नसतो. पत्रकार आणि त्यांचे माहितीस्रोत, कामगार संघटना, घरातल्या हिंसाचारातून बाहेर पडलेल्यांना मदत करणारे गट यांच्यासाठी हा तक्ता बाहेर पडणे हे संदेश बाहेर पडण्याइतकेच घातक ठरू शकते.

आपल्या पतसंस्थांना हा पेच परिचयाचा आहे. कर्जाला जामीनदार लागतो, त्याची सही लागते, हप्ते थकले की नोटीस त्यालाही जाते. पण कर्ज फिटले की जामीन सुटतो. वीस वर्षांपूर्वी कोण कोणाला जामीन होते हे पाहून कोणाला आज तगादा लावता येत नाही. निमंत्रणाधारित नोंदणीच्या बहुतेक पद्धतींत नेमका हा शेवट नाही. जबाबदारी सुरू कधी होते ते लिहिलेले असते, संपते कधी ते नसते. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांनी विचार करावा अशी ही सर्वांत मोठी रिकामी जागा आहे.

कायदाही या प्रश्नाला दोन बाजूंनी भिडतो. २८ एप्रिल २०२२च्या सर्ट-इनच्या (संगणक सुरक्षेची केंद्र सरकारी यंत्रणा) निर्देशांत सेवा देणाऱ्यांनी आणि कंपन्यांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपावेत असे म्हटले आहे. उलट, २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची दिशा अशी, की ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपल्यावर, दुसऱ्या कायद्याने जपायला सांगितली नसेल, तर ती पुसावी. एखादी व्यक्ती घरगुती कारणासाठी जी माहिती हाताळते तिला हा कायदा लागू नाही. म्हणजे कुटुंबाचा सर्व्हर आणि संस्थेचा सर्व्हर तंत्राने एकच असले तरी कायद्यापुढे वेगळे ठरू शकतात. मे २०२३मध्ये केंद्र सरकारने १४ मेसेजिंग ॲपवर बंदी घातल्याच्या बातम्या आल्या, त्या यादीत मॅट्रिक्सचे एलिमेंटही होते. सर्व्हर स्वतःच्या ताब्यात असला तरी तिथपर्यंत नेणारे ॲप ताब्यात नसू शकते, हे त्या वेळी इथल्या अनेकांच्या लक्षात आले.

विषयाची सीमाही इथेच सांगितलेली बरी. सर्व्हरवर खाते मिळणे आणि एखाद्या खोलीत, म्हणजे गटचर्चेत, प्रवेश मिळणे या वेगळ्या गोष्टी आहेत. मॅट्रिक्समध्ये खोली सार्वजनिक असेल आणि सर्व्हर इतरांशी जोडलेला असेल, तर दुसऱ्या सर्व्हरवरचा माणूस तुमच्या निमंत्रणाशिवाय तिथे येऊ शकतो. त्याला अडवायचे तर खोलीचे नियम बदलावे लागतात. नोंदणीवर कितीही पहारा ठेवून उपयोग नाही. निमंत्रण मागे घेणे आणि माणसाला काढणे यांतही असाच फरक आहे. टोकन पुसले म्हणून त्यावर आलेली खाती जात नाहीत. आणि सिनॅप्समध्ये खाते निष्क्रिय केले तरी त्याचे नाव पुन्हा कोणाला घेता येत नाही, त्यामुळे चुकीने काढलेल्याला जुन्या नावाने परत बोलावणे तितके सोपे राहत नाही.

या अभ्यासाला फार मोठी पूर्वतयारी लागत नाही. मॅट्रिक्सच्या टोकनांचा मूळ प्रस्ताव वाचावा. त्यात टोकनाने नोंदणी कशी व्हावी हे साध्या भाषेत मांडले आहे. प्रोसडीची निमंत्रणाची मोड्यूले लुआ भाषेत, आटोपशीर लिहिलेली आहेत. थोडेफार प्रोग्रॅमिंग येणाऱ्याला ती एका बैठकीत समजतात. चाचणीचा सर्व्हर उभारून एकाच टोकनावर दोन ब्राउझरांतून एकदम नोंदणी करून पाहावी, मुदत संपलेल्या लिंकवर नवख्या माणसाला काय दिसते ते पाहावे. ‘अवैध टोकन’ एवढाच कोरडा संदेश आला तर त्याने पुढे काय करायचे, हाही या अभ्यासाचाच भाग आहे. समाजशास्त्राच्या किंवा कायद्याच्या वाचकाने कोडला भिऊ नये आणि तंत्रज्ञाने उरलेले प्रश्न दुसऱ्यांवर ढकलू नयेत.

प्रत्यक्ष सर्व्हर चालवणाऱ्याला मात्र अभ्यास पुरा होईपर्यंत थांबता येणार नाही. त्याच्यासाठी सूचना एकच. सेटिंगला हात लावण्याआधी एका पानावर लिहून काढा : निमंत्रण कोण देऊ शकतो, एका निमंत्रणावर किती जण येतील, ते कधी संपेल, आणणाऱ्याला कोणत्या वागणुकीबद्दल आणि किती महिने विचारले जाईल, आणि कोणी कोणाला आणले ही नोंद कोणत्या तारखेला पुसली जाईल. हे पान नव्या सभासदाला पासवर्ड निवडण्याआधी दाखवा. ज्याची नोंद होणार आहे त्याला ती होण्याआधी कळायला हवी, आणि ती पटली नाही तर निमंत्रण परत करण्याची मोकळीकही हवी.